मागचे त्रेचाळीस, पुढचे एकोणचाळीस

९ मे १९७८, मंगळवार

दुपारी गॅरेजसमोर एक जीप येऊन थांबली. थांबली कसली, जागेवर दमच सोडला तिनं. हातातलं स्कूटरचं काम टाकून मी बाहेर आलो. कामठीच्या लष्करी लिलावातली जुनी विलीज, वय झालेली, पण हाड मजबूत. चाकं मात्र तिच्या अंगाची नव्हती. सहाशे-सोळाच्या जागी साडेसातशे-सोळाचे कोरे टायर, खोल खाचांचे. बारक्या पोरानं बापाचे बूट घालून उभं राहावं तसं ते ध्यान.

आतून डॉक्टर रविंद्र सोमकुंवर उतरले.

म्हणाले, "देवाजीभाऊ, मौद्याच्या पलीकडे, सूर नदीच्या काठच्या गावांत दर गुरुवारी दवाखाना घेऊन जायचं ठरवलंय. काळ्या मातीचा चिखल, म्हणून टायर मोठे टाकले. आता गाडी चढच चढत नाही. काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, बघतो. मग त्यांनी विचारलं, "वच्छला कशी आहे?"

वच्छला माझी बायको. तिचं माहेर इंदोऱ्याचं आणि डॉक्टरांचं घर तिथून तिसरं. छप्पन साली दीक्षेला दोन्ही घरं एकत्र पायी गेली होती. ती सहा वर्षांची, तो सोळाचा. "रविंद्रानंच तिले खांद्यावर बसवून नेलं होतं," असं सासूबाईंनी लग्नाच्या मांडवात मला सांगितलं. तेव्हा मी हसलो होतो. मॅट्रिकला तिला शिकवलं त्यानंच, सुईणीच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला त्यानंच. अजून लग्न केलेलं नाही.

इंदोऱ्यापासून सक्करदऱ्यापर्यंत वाटेत किती गॅरेज लागतात! सदरमध्ये तर जीपच्या मिस्तऱ्यांची रांग आहे. ती सगळी सोडून हा माणूस माझ्याच दारात का आला, ते कळण्याइतका मी शहाणा आहे.

१० मे

जीप तळ्याच्या पाळीवर चढवून पाहिली. दुसऱ्या गिअरमध्येच मान टाकली. क्लचचा जळका वास आला.

दुखणं साधं आहे. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण इंजिन तर तेवढंच. बैल तोच आणि गाडीत पोती वाढवली. उपाय दोनच. जुने टायर परत घालायचे, नाहीतर अॅक्सलच्या पोटातले दात बदलायचे. जीपच्या मागच्या अॅक्सलमध्ये एक आणि पुढच्या अॅक्सलमध्ये एक, असा क्राऊन आणि पिनियनचा, म्हणजे मोठ्या आणि लहान दातेरी चक्राचा, जोड असतो. हिच्या पिनियनला आठ दात, क्राऊनला एकोणचाळीस. क्राऊनचे दात वाढले की वेग कमी होतो, ओढ वाढते.

हे मी डॉक्टरांना समजावत असताना वच्छला चहा घेऊन आली. आमचं घर गॅरेजच्या मागेच. कप देऊन निघून जाईल असं वाटलं, तर ती तिथंच उभी.

"मंग पुढचं आनि मागचं, दोन्ही संगंच बदलाव लागन ना?" ती म्हणाली. "एक पाय मोठं पाऊल टाकन, एक लहान टाकन, तं मानूस चालन कसा?"

डॉक्टर हसले. "बघा भाऊ, अर्धी मेकॅनिक घरातच आहे."

आठ वर्षांत तिनं मला कधी गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. मीही तिला कधी गॅरेजमध्ये उभं राहू दिलं नव्हतं म्हणा, गिऱ्हाईक काय म्हणतील. आजच बरी विचारायची हुक्की आली.

१४ मे, रविवार

डॉक्टर जेवायला. मी बोलावलं नव्हतं. आईनं बोलावलं.

पाटोडीचा रस्सा केला होता वच्छलानं. माझ्यासाठी पाटोडी शेवटची केव्हा झाली ते आठवत बसलो आणि माझा घास तसाच हातात राहिला.

जेवताना दातांचा विषय. डॉक्टरांनी कुठंतरी ऐकलं होतं की सत्तेचाळीस दातांचाही क्राऊन मिळतो. "मग तोच टाकू. जितकी ओढ जास्त तितकं बरं." मी मान हलवली. खरं सांगायचं तर सत्तेचाळीसनं गाडी सडकेवर गोगलगाय होईल हे मला माहीत होतं. होऊ दे, असं वाटलं. बसू दे रांगत मौद्यापर्यंत.

वच्छला वाढता वाढता थांबली. "चिखलातून निंघन, पन डांबरी रोडवर काय? एखादी बाई अडली, रक्त जाऊन राहिलं, तिले मौद्यावरून नागपूरले आनाचं हाय. गाडी बैलबंडीसारखी चालन तं बाई रस्त्यातच जाईन ना."

मग मीच म्हटलं, "त्रेचाळीस घ्या. या टायरला त्रेचाळीस-आठ म्हणजे गाडी जवळपास पहिल्यासारखी होईल. चढेलही, पळेलही."

"त्रेचाळीस," डॉक्टर म्हणाले. पण पाहिलं तिच्याकडे. ती नजर मी मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला वाटायचं की भास झाला.

१६ मे

जरीपटक्याला खूबचंदशेठच्या मोडीच्या गोदामात गेलो. क्राऊन ढिगानं, पण एकाचा क्राऊन अन् दुसऱ्याचाच पिनियन. कारखान्यात दोघं एकमेकांवर घासून तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. नंबर जुळला नाही तर फिट होईल, पण जन्मभर रडत राहील.

खूबचंदशेठ म्हणाला, "देवाजी, तू बहुत नखरे करता है. दूसरे मिस्तरी तो जो मिला उठाके ले जाते हैं."

"इसीलिए उनकी गाड़ी वापस आती है," मी म्हटलं.

ऊन उतरेपर्यंत बसलो आणि त्रेचाळीसचे दोन जोड काढले. नंबर जुळलेले, एकही दात उडालेला नाही. एक मागे, एक पुढे. या कामात मला कोणी नावं ठेवू शकत नाही. माझे बाबा म्हणायचे, रोज एक ओळ तरी लिही, म्हणजे माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही. म्हणून लिहितो: डॉक्टर काहीही असो, जोड मी चोख आणले.

१८ मे, गुरुवार

वच्छलानं पलंगाखालची तिची जुनी ट्रंक उघडली. सुजाता झाल्यावर नोकरी सोडली तेव्हापासून बंद होती. आतली कातडी बॅग तेल लावून पुसली. कात्र्या, चिमटे स्टोव्हवर उकळले. नखं कापली, पार बोटाला भिडेपर्यंत. मग संध्याकाळी बांगड्या उतरवून खिडकीत ठेवल्या.

आई म्हणाली, "काहून वं वच्छला, हात असे मोकळे? नवरा जिता हाय ना तुया."

ती हसली फक्त. मग माझ्यापुढे येऊन बसली. "मी डॉक्टरसंगं गुरुवारी जाऊ का? तिकडं बाया पुरुषाले हात लावू देत नाहीत. सुईन पाह्यजे. सुजाताले आई पाहीन म्हनते."

"ठरलेलंच आहे तर विचारते कायले?"

"ठरलं नाही. इचारून राहिली ना तुमाले."

"जा," मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला आणखी काय ऐकायचं होतं कोण जाणे. हो तर म्हटलं होतं.

आठ वर्षं ज्या हातांत मी बांगड्या पाहिल्या ते हात दुसऱ्याच्या गाडीत बसायला निघाले की मोकळे. यातलं काय समजायचं राहिलं?

२४ मे, बुधवार

मागचा अॅक्सल झाला. दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवला. डाग दातांच्या बरोबर मधोमध उमटला, म्हणजे जोड चोख बसला. असा डाग नागपुरात किती जण काढतात मला माहीत आहे.

पुढच्या अॅक्सलला जॅक लावला. पाना हातात घेतला. तेवढ्यात घरातून तिचं गाणं ऐकू आलं. उद्याचा डबा भरत होती. गाणं म्हणत होती. मी पाना खाली ठेवला.

दुसरा जोड तेलकट कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.

संध्याकाळी डॉक्टर गाडी न्यायला आले. मी सांगितलं, दुसऱ्या जोडाचे दोन दात उडालेले निघाले, नवा मिळाला की पुढचं करू. त्यांनी विचारलं, "पण दांडा टाकून पुढच्या चाकांनाही ओढ लावली तर चालेल ना?"

"चिखलात चालते," मी म्हटलं.

हे खोटं नाही. चिखलात चाक घसरतं, दोन्हीकडचा फरक निघून जातो. कडक जमिनीवर पुढची चाकं एका मापानं पळू पाहतील आणि मागची दुसऱ्या, आणि मधला गिअरचा डबा दोघांच्या ओढाताणीत सापडेल. ते त्यांनी विचारलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं.

आणि माझा हेतू काही वाईट नाही. पाऊस लागला की गाडी एक-दोनदा अडखळेल. घाबरतील. सूर नदीच्या अलीकडूनच परत येतील आणि पावसाळाभर गुरुवार आपोआप बंद होतील. एवढंच.

२५ मे

गेले. वच्छला संध्याकाळी आली ती धुळीनं पांढरी झालेली. खूप बोलत होती. एका म्हातारीच्या पायाबद्दल, एका गावच्या विहिरीबद्दल. "गाडी काय चढते आता! डॉक्टर म्हने, देवाजीभाऊच्या हातात जादू हाय."

डॉक्टर म्हने. डॉक्टर म्हने.

१ जून

परत गेले.

२२ जून, गुरुवार

पाऊस चांगला पडतो आहे, आणि गाडी परत फिरत नाही. उलट तिला घरी यायला उशीर होतो. आज मी तळ्याच्या वळणापर्यंत जाऊन उभा राहिलो. लांबून जीप दिसली आणि मी पानठेल्याच्या आड झालो. स्वतःच्या बायकोची वाट पाहताना माणूस आड का होतो? उतरताना ती काहीतरी म्हणाली आणि डॉक्टर मान मागे टाकून हसला. माझ्याशी बोलताना कोणाला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

घरी तिनं विचारलं, "पुढचा जोड मिळाला का?"

"नाही."

"दोन आनले होते ना तुमी? पाहून, मोजून आनता तुमी तं."

"दात उडालेले होते. सांगितलं ना."

पुढच्या चाकाची चौकशी तिला! मी दिवसभर काय खाल्लं याची नाही.

(नंतर लिहितो: डबा तिनंच ठेवला होता. मी उघडलाच नव्हता.)

१३ जुलै, गुरुवार

आज ती आली नाही.

आठच्या सुमारास एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. जीप सूर नदीच्या रपट्यावर, त्या बुटक्या दगडी पुलावर, बंद पडली. तिच्यात एक अडलेली बाई होती. बाईला ट्रकनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर आणि "नर्सबाई" सोबत गेले.

"बंद पडली म्हणजे कशी?" मी विचारलं.

"आवाज आला म्हणे बंदुकीसारखा. मग चाकच फिरेना."

आईनं विचारलं, "काय झालं गा देवाजी? असा पांढरा काहून पडला?"

मी गॅरेजमध्ये गेलो. पुडकं वरच्या फळीवर तसंच आहे.

१४ जुलै

दुपारी वच्छला आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं आणि त्याच्या वर रक्तानं भरलेलं. पाणी मागितलं नाही, बसली नाही. सरळ गॅरेजमध्ये गेली, स्टूल ओढलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून ते पुडकं काढलं. तिला कसं माहीत होतं हे मी विचारलं नाही.

कागद सोडला. क्राऊन मांडीवर घेतला आणि एकेका दातावर बोट ठेवत मोठ्यानं मोजायला लागली. मी दारात उभा. एक, दोन, तीन. तिचा आवाज कुठंच चढला नाही की उतरला नाही. त्रेचाळीसपर्यंत गेली.

"कोनता उडाला?" तिनं विचारलं.

तिनं क्राऊन परत कागदावर ठेवला.

"पह्यल्या गुरुवारी पुढच्या अॅक्सलच्या नटावरची धूळ तशीच होती. मी पाह्यली होती. म्हटलं, जोड मिळाला नसन. मानूस आपल्या मानसाबद्दल दुसरं काय म्हनन?"

मग तिनं सांगितलं. बाईचं नाव कांताबाई, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. गावापासून नदीपर्यंत चिखल, म्हणून डॉक्टरांनी पुढची ओढ लावली. गाडी छान निघाली. रपट्याच्या दगडी फरशीवर आल्यावर गाडी आखडायला लागली. ओढ काढायला गेले तर दांडाच हलेना. मग तो आवाज. पाणी रपट्याच्या काठाला लागलेलं. जीपच्या मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, वच्छलानं बाळंतपण केलं. पोर निळं होतं, रडलं उशिरा. बाईचं रक्त थांबेना. गावकऱ्यांनी बाजेवर घालून सडकेपर्यंत नेलं. दोन तास गेले त्यात.

"जगन का?" मी विचारलं.

"मले नाही मालूम. पिशवी काढून राहिले होते, मी निंघाली तवा."

पुडकं तिनं माझ्या हातात दिलं. "डॉक्टरले तुमी सांगता का मी सांगू?"

१५ जुलै, शनिवार

इंदोऱ्याला गेलो. डॉक्टर दोन दिवसांचे जागे, दाढी वाढलेली. मी पुडकं टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. सगळं. का केलं तेही. ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा इतके बारीक, इतके घाणेरडे वाटले की मध्येच थांबावंसं वाटलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पिशवी काढावी लागली," ते म्हणाले. "उशीर झाला नसता तर कदाचित नसती काढावी लागली. कदाचित तरीही लागली असती. हे मला कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. पोरगं ठीक आहे."

मी उठलो. ते म्हणाले, "बसा. एक ऐका. मला सगळ्यांनी सदरमधल्या गॅरेजचं नाव सांगितलं होतं. वच्छला माहेरी आली होती तेव्हा म्हणाली, गाडी माझ्या नवऱ्याकडेच द्या, त्याच्यासारखे दात बसवणारा नागपुरात नाही. सोबत येण्याचं तेव्हा पक्कं नव्हतं, पण तिनं दुसरी कुठलीच अट घातली नव्हती."

रस्त्यावर आलो. सायकलवर बसता आलं नाही. सक्करदऱ्यापर्यंत ढकलत आणली.

जीप आता सदरला जाईल. मीच बसवतो, फुकट बसवतो, असं मी म्हणालो होतो. डॉक्टर म्हणाले, "मी तयार होतो भाऊ. काल दवाखान्यातून निघतानाच ती नाही म्हणाली, कारण सांगितलं नाही. तुमच्या हातच्या गाडीत ती पेशंट ठेवणार नाही म्हणते."

२१ जुलै

वच्छला काल गेली होती. दुसऱ्या कोणाची तरी जीप मागून आणली होती डॉक्टरांनी. घरात बोलते ती कामापुरतं. ताट वाढते. सुजाताजवळ झोपते. एकदाही मोठा आवाज नाही. मोठा आवाज झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

आई आज म्हणाली, "तोंडानं माफी मागतली का तुनं तिले?"

"ती ऐकूनच घेणार नाही."

"तुले कोनं सांगतलं? मागून पाह्यली का?"

१० ऑगस्ट

गुरुवार होता, पण मी कांताबाईच्या गावी एसटीनं गेलो, एकटा. मौद्याला उतरून पुढे चालत. चिखल काय असतो ते आज पायांना कळलं. चप्पल हातात घ्यावी लागली. वच्छला दर आठवड्याला हे तुडवते आणि मी पानठेल्यामागून ती हसते किती ते मोजत होतो.

कांताबाईचा नवरा नत्थू गोठ्यात होता. मी कोण ते सांगितलं. गाडीच्या दातांचं सांगितलं. त्याला काय समजलं, काय नाही. मी बायकोबद्दल, डॉक्टरबद्दलही सांगितलं. तेव्हा त्याला समजलं. त्यानं वैरणीची पेंडी खाली ठेवली.

"म्हंजे तुमची बायको दुसऱ्याच्या गाडीत बसली म्हनून माह्या बायकोले दुसरं लेकरू होनार नाही?"

"डॉक्टर म्हणतात की नक्की सांगता येत नाही."

"मी डॉक्टरले नाही इचारत. तुमाले इचारतो."

मी म्हटलं, "हो. असंच असेल."

मला वाटलं मारेल. मी उभा राहिलो मार खायला. त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पोरगं पाहून जा. आनि पुन्हा माह्या घरी येऊ नका."

आत कांताबाई बसली होती, अंगात रक्त नसलेली, पण डोळे जिवंत. पोरगं अंगठा चोखत होतं. तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नर्सबाईचे मालक ना तुमी? चहा घेऊन जा."

तिथं माझ्यानं चहा घेववला नाही. बाहेर निघालो तेव्हा गावाच्या टोकाला जीप येताना दिसली. या खेपेला मी आड झालो नाही. वच्छलानं पाहिलं. जीप थांबली नाही.

संध्याकाळी घरी तिनं विचारलं, "कायले गेले होते?"

"सांगायला."

"माफी मिळाली?"

"नाही."

"मिळाली पाह्यजे बी नाही," ती म्हणाली. मग ताट वाढता वाढता, "पन गेले हे बरं केलं." मी तेव्हाच तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. दिली नाही.

५ ऑक्टोबर

गिऱ्हाईक कमी झालं आहे. डॉक्टरांनी कुठं काही सांगितलं नाही हे मला नक्की माहीत आहे. माझाच हात मंदावला. प्रत्येक नट दोनदा पाहतो. कालच्या फियाटवाल्यानं वैतागून विचारलं, लग्न लावता का गाडीचं?

मत्सर गेला असं लिहिलं तर बाबांनी सांगितलेलं मोडेल. गेला नाही. गुरुवारी सकाळी बांगड्या खिडकीत दिसल्या की मी अजून तोंड फिरवतो. आता फक्त एवढं कळतं की त्या बाळंतिणीसाठी काढलेल्या असतात. कोपरापर्यंत हात घासून धुवायचा तर बांगडी कशी ठेवणार? एवढी साधी गोष्ट. आईनं तिला नंतर विचारून घेतली होती म्हणे. मीही विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी समजली असती.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी जीपचा आवाज आला. मान वर केली नाही, कोणीतरी वाटेनं जात असेल असं वाटलं. तर गॅरेजसमोर थांबली. चालवत होती वच्छला. एकटी. पदर कमरेला खोचलेला. पहाटे इंदोऱ्याला जाते म्हणून निघाली होती, एवढंच मला ठाऊक होतं. ती गाडी चालवायला कधी शिकली, कोणी शिकवलं? तेच मनात आलं पहिल्यांदा. लिहितो, कारण आलं.

ती उतरली. "समोरच्या उजव्या चाकातून टकटक आवाज येते. सदरवाल्यानं पाह्यलं, म्हने काही नाही. मले वाटते काही हाय."

"इथं आणली ती डॉक्टरांना माहीत आहे?"

"मी सांगून आनली."

मी जॅक लावला. चाक धरून हलवलं. बेअरिंग गेलं होतं, अजून दोन गुरुवार टिकलं नसतं. ते तिला दाखवलं, बोटानं फिरवून, खडबड तिच्या बोटांना लागू दिली. तिनं मान हलवली. नवं बेअरिंग बसवेपर्यंत ती तिथंच उभी होती. एक गिऱ्हाईक येऊन गेलं, तिच्याकडे पाहत राहिलं, मी काही म्हटलं नाही. प्रत्येक नट कसताना मी तिच्याकडे बघत होतो आणि ती पान्याकडे बघत होती. शेवटचा नट झाल्यावर तिनं पाना माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकदा ओढून पाहिला. घट्ट होता.

मग मी विचारलं, किती दिवस मनात होतं ते. "गुरुवारी जागा असते का गाडीत? रस्त्यात काही झालं तर मी असेन सोबत. एरवी पाणी भरीन, बाज उचलीन."

ती ड्रायव्हरच्या जागेवर चढली. इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती.

"मागं बसाव लागन," ती म्हणाली. "गुरुवारी गाडी डॉक्टर चालवतेत, समोर म्हातारे पेशंट बसतेत. मी बी मागंच बसते."